क्व्येता आणि श्वेता एकाच झाडाच्या का?

श्वेता_ब्रनोकर (धागाकर्ती)

नमस्कार. गेली चार वर्षे आम्ही चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात राहतो. आमच्या खालच्या मजल्यावर ब्याऐंशी वर्षांच्या एक आजी राहतात. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या दारावर फक्त आडनावाची पाटी आहे, त्यामुळे त्यांचे नाव कळायला मला दोन महिने लागले. ते नाव क्व्येता. मी माझे नाव सांगितले तेव्हा त्यांनी 'श्वेता, क्व्येता' असे दोनदा म्हणून पाहिले आणि हसत म्हणाल्या, "आपण दोघी एकाच झाडाच्या दिसतो."

त्यांनी ते गमतीने म्हटले होते, पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना. चेकमध्ये 'क्व्येत' म्हणजे फूल किंवा बहर, म्हणजे क्व्येता ही आपली पुष्पा किंवा कुसुमच झाली. श्वेता म्हणजे मात्र पांढरी. या दोन नावांत खरोखर काही नाते आहे, की हा नुसता यमकाचा योगायोग आहे, हे जाणकारांनी सांगावे. हे नाव चेक लोकांत किती जुने आहे, याचेही कुतूहल आहे.

एक व्यावहारिक अडचणही आहे. इथे कॅलेंडरातल्या प्रत्येक तारखेला कोणते ना कोणते नाव छापलेले असते आणि त्या नावाच्या माणसाला त्या दिवशी शुभेच्छा देतात. क्व्येता हे नाव 20 जूनला येते. परंतु आजींच्या ओळखपत्रावर 'क्व्येतोस्लावा' असे नाव आहे आणि तो नामदिन 8 डिसेंबरला असतो. जून सुरू झाला आहे. मी फुले कधी न्यावीत?

चहाबाज

दोन्ही दिवशी न्यावीत. फुले जास्त झाली म्हणून कोणत्याही आजीने तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता एक कबुली देतो. टेनिसच्या बातम्यांत 'क्वेटा पेश्के' असे नाव वाचून मी बरीच वर्षे या बाईंचा बलुचिस्तानातील क्वेटा शहराशी काहीतरी संबंध असावा असे समजत होतो. त्यांच्या वडिलांची तिथे बदली झाली असेल, अशी माझी मीच समजूत घालून घेतली होती.

व्याकरणवेडा

चहाबाज, तुमची फसगत होणे स्वाभाविक आहे, कारण रोमी लिपीतून आलेले नाव आपण इंग्रजीच्या चष्म्यातून वाचतो. चेकमधला 'त' आपल्या 'त'सारखाच दंत्य आहे, त्यामुळे तिथे 'ट' लिहिण्याचे काहीच कारण नाही. शिवाय या नावातल्या 'ए' अक्षरावर एक छोटी टोपी असते, तिला 'हाचेक' म्हणजे आकडी म्हणतात. 'व'नंतर अशी टोपीवाली 'ए' आली की मध्ये 'य' उमटतो. म्हणून क्व्येता. मराठी जिभेला हे जोडाक्षर जड वाटू नये. 'त्र्यंबक' आणि 'ज्योत्स्ना' लीलया म्हणणारी माणसे आपण.

श्वेता, शुभेच्छापत्र लिहिणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. चेकमध्ये सात विभक्ती आहेत आणि त्यांतली पाचवी संबोधनाची आहे. हाक मारताना 'क्व्येता'चे 'क्व्येतो' होते. संस्कृतातल्या सीतेला हाक मारताना आपण 'सीते' म्हणतो, तसाच हा प्रकार. पत्रावर मूळ नाव तसेच लिहिले तर अर्थ कळेल, पण कानाला ते 'अहो आजोबांना' म्हटल्यासारखे विचित्र लागेल. दुसरे असे की वयाने मोठ्या शेजारणीला नुसते 'क्व्येतो' म्हणणे सलगीचे होईल. 'पन्यी क्व्येतो' म्हणावे. 'पन्यी' म्हणजे आपल्याकडे नावापुढे 'बाई' लावतो तसा आदर.

पुलाजवळचा_हंस

मी प्रागमध्ये अकरा वर्षे आहे आणि माझ्या कार्यालयातल्या चाळिशीच्या आतल्या चेक मुलींत एकही क्व्येता नाही. तेरेझा, लुत्सिए, एलिश्का या नावांची रेलचेल आहे. मात्र त्यांच्या आज्यांबद्दल विचारले की हमखास एखादी क्व्येता, क्व्येतुशे किंवा क्व्येतोस्लावा निघते. ही तिन्ही एकाच घरातली नावे आहेत. लाडाने क्व्येतुश्का, क्व्येत्का, क्व्येतिन्का असेही म्हणतात. यांतल्या शेवटच्या शब्दाचा अर्थच 'छोटेसे फूल' असा आहे. इथल्या 2000 च्या नोंदणी कायद्यानुसार मोडतोड केलेली, लघुत्वदर्शक किंवा केवळ घरगुती रूपे जन्मनोंदीत घालता येत नाहीत, त्यामुळे लाडाचे नाव लाडापुरतेच राहते.

नाव आता म्हातारे झाले असले तरी त्याचा मान मोठा आहे. क्व्येता पात्सोव्स्का यांना मुलांच्या पुस्तकांतील चित्रांसाठी 1992 मध्ये हान्स ख्रिस्तियान अँडरसन पुरस्कार मिळाला. क्व्येता येरिओव्हा यांनी 1980 च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये पाच किलोमीटर स्कीइंगच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. चहाबाज यांच्या पेश्के बाई 2011 मध्ये कातारिना स्रेबोत्निक यांच्या साथीने विम्बल्डनच्या महिला दुहेरीत विजेत्या ठरल्या. त्यांचे जन्मनाव क्व्येतोस्लावा हर्द्लिच्कोव्हा, जन्मगाव मोराव्हियाच्या (चेक देशाच्या पूर्व भागाच्या) उत्तरेकडचे बीलोवेत्स. म्हणजे दाखल्यावर क्व्येतोस्लावा आणि व्यवहारात क्व्येता ही तुमच्या आजींची तऱ्हा जगावेगळी नाही.

माझे सर्वांत आवडते नाव मात्र अभिनेत्री क्व्येता फियालोव्हा यांचे. 'फियाला' हे आडनाव व्हायोलेटच्या, म्हणजे त्या जांभळ्या रानफुलाच्या नावावरून आले आहे. नाव फूल आणि आडनावही फूल, अशा या बाई 1929 मध्ये जन्मल्या आणि 2017 मध्ये गेल्या. 2021 मध्ये पंतप्रधान झालेले पेत्र फियाला यांचे आडनावही तेच. पेत्र म्हणजे खडक, तेव्हा त्यांचे पूर्ण नाव 'खडकावरचे जांभळे फूल' असे होते, ही बाब राजकारणाच्या धाग्यावर वापरायची असल्यास माझी हरकत नाही.

रानजाई

माझे थोडे वेगळे मत आहे. क्व्येता म्हणजे फूल हे खरे, पण कोणते फूल? नुसते 'फूल' म्हणजे सामान्यनाम झाले. ज्याला खऱ्या अर्थाने फुलाचे नाव म्हणावे ते चेक नाव 'रूझेना'. 'रूझे' म्हणजे गुलाब. रूझेनाचा नामदिन 13 मार्चला असतो. आदल्या दिवशी संत र्‍झेहोर्झ यांचा दिवस असतो आणि त्या दिवसावर शेतकऱ्यांची एक म्हण आहे: करकोचा समुद्र ओलांडून परततो, बेडूक तोंड उघडतो आणि जो अजून नांगर धरत नाही तो आळशी. म्हणजे बर्फ वितळून जमीन जागी होते त्या आठवड्यात गुलाबाच्या नावाचा दिवस ठेवला आहे.

शंभर वर्षे झोपलेल्या राजकन्येची जी गोष्ट आपण 'निद्रिस्त सुंदरी' म्हणून वाचतो, तिचे चेक नाव 'शीप्कोव्हा रूझेन्का' आहे. शीपेक म्हणजे रानगुलाबाचे तांबडे फळ. ज्या काटेरी कुंपणाने तिचा वाडा झाकला गेला ते कुंपण तिच्या नावातच आले आहे, आणि मराठी नावात मात्र फक्त झोप उरली आहे! चेक संगीतकार ड्व्होर्झाकच्या 'रुसाल्का' या ऑपेराचा पहिला प्रयोग 31 मार्च 1901 रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झाला, त्यात रुसाल्काची भूमिका गाणाऱ्या गायिकाही रूझेनाच होत्या, रूझेना मातुरोव्हा.

दक्षिण बोहेमियात (बोहेमिया म्हणजे चेक देशाचा पश्चिम भाग) तर गुलाबाचे राज्यच होते. तिथल्या रोझ्मबेर्क या सरदार घराण्याच्या चिन्हावर पाच पाकळ्यांचा तांबडा गुलाब असे. 1611 मध्ये पेत्र वोक वारले आणि ते घराणे संपले, तरी चेस्की क्रुम्लोव्ह गावात दर जूनमध्ये पाच पाकळ्यांच्या गुलाबाचा उत्सव आजही होतो.

चहाबाज

रानजाई यांचा मुद्दा मान्य, परंतु गुलाबाची पुढची कारकीर्दही सांगायला हवी. चेक भाषेत ब्रसेल्स स्प्राउट्सना 'रूझिच्कोव्हा कपुस्ता', म्हणजे 'छोट्या गुलाबांचा कोबी' म्हणतात. एवढ्या काव्यात्म नावाची एवढी कडवट भाजी मी दुसरी खाल्लेली नाही.

पुलाजवळचा_हंस

चहाबाज, क्व्येताचीही गत तीच आहे. कॉलीफ्लॉवरला चेकमध्ये 'क्व्येताक' म्हणतात, कारण तोही 'क्व्येत'वरूनच आला. आपण मंडईत 'फ्लॉवर कसा दिला' असे विचारतो, तेव्हा आपणही तेच करत असतो. या एका भाजीबाबत ब्रनो आणि बेळगाव यांचे पूर्ण एकमत आहे.

रानजाई यांना एवढेच सांगतो की सामान्यनाम असणे हा दोष नाही. आपल्याकडे सुमन, कुसुम आणि पुष्पा या तिघींपैकी कोणतीही एका विशिष्ट झाडाची नाही, तरीही ती फुलांचीच नावे आहेत.

निरुक्त

श्वेता यांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. उत्तर थोडे लांबेल.

संस्कृत 'श्वेत' हा शब्द 'श्वित्', म्हणजे चमकणे, उजळ असणे, या धातूवरून आला. आयुर्वेदात कोडाला 'श्वित्र' म्हणतात तोही याच धातूचा. आद्य भारोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषांच्या समान पूर्वज भाषेत, या मुळाचे रूप 'क्वेइत्' असे काहीसे मानले जाते. त्यातील पहिला 'क' हा टाळूकडे झुकलेला होता. संस्कृत, अवेस्ता (पारशी धर्मग्रंथांची जुनी इराणी भाषा), लिथुआनियन आणि स्लाव्ह भाषांत (चेक, पोलिश, रशियन वगैरे) अशा 'क'चा 'श' किंवा 'स' झाला, आणि लॅटिन, ग्रीक व जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) तो 'क' किंवा 'ह' राहिला. शंभर या अर्थाचे चेक 'स्तो' आणि संस्कृत 'शत', दहा या अर्थाचे चेक 'देसेत' आणि संस्कृत 'दश' ही त्याची ओळखीची उदाहरणे आहेत. इंग्रजीतील 'व्हाइट' हाही त्याच कुळातला आहे, फक्त त्याच्या वाट्याला 'ह' आला.

या नियमाने स्लाव्ह भाषांत 'स्व'ने सुरू होणारा शब्द यायला हवा, आणि तो आलेला आहे. चेकमध्ये 'स्व्येत्लो' म्हणजे प्रकाश. 'स्व्येत' म्हणजे जग. त्याचाही मूळ अर्थ उजेड असाच होता. आपणही 'लोक' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो, कारण 'आलोक' त्याच्याच घरातला. तेव्हा श्वेताची सख्खी चेक बहीण शोधायची तर ती 'स्व्येत्लो'च्या घरी सापडेल.

मग 'क्व्येत'मधला 'क' कुठून आला? बाल्टिक (लिथुआनियन वगैरे) व स्लाव्ह भाषांत काही शब्दांच्या बाबतीत 'क'चा 'स' होण्याची प्रक्रिया अर्धवट राहिलेली दिसते आणि एकाच मुळाची दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात. 'स्व्येत' आणि 'क्व्येत' ही तशीच जोडी आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जे उजळते, डोळ्यांत भरते, ते फूल. पोलिशमध्ये हीच जोडी 'श्व्यात' म्हणजे जग आणि 'क्व्यात' म्हणजे फूल अशी दिसते. रशियनमध्ये फुलासाठीच्या या शब्दाचा पहिला वर्ण बदलून 'त्स्व्येत' झाला आणि त्याचा मुख्य अर्थ आता 'रंग' आहे. पश्चिमेकडच्या स्लाव्ह भाषांनी 'व'पूर्वीचा 'क' आणि 'ग' जपला, पूर्वेकडच्या व दक्षिणेकडच्या भाषांनी बदलला. रशियन 'झ्व्येझ्दा' म्हणजे तारा, त्याचे पोलिश रूप 'ग्व्याझ्दा' आणि चेक रूप 'ह्व्येझ्दा'. चेकमध्ये 'ग'चा पुढे 'ह' झाला. म्हणून सर्बियात जी त्स्वेता ती बोहेमियात क्व्येता.

थोडक्यात, श्वेता आणि क्व्येता या सख्ख्या बहिणी नव्हेत, पण चुलत बहिणी निश्चित आहेत. आजींनी पाहिलेले झाड खरे आहे, फांदी तेवढी वेगळी.

जाता जाता 'स्लावा'बद्दलही सांगतो. चेक 'स्लावा' म्हणजे कीर्ती, आणि तिचे संस्कृत नातलग 'श्रवस्'. महाभारतातला भूरिश्रवा म्हणजे ज्याची कीर्ती पुष्कळ तो. म्हणून क्व्येतोस्लावाचा प्रत्येक तुकडा संस्कृतात उलटवला तर 'श्वेतश्रवा' असे काहीतरी तयार होईल. हे नाव मी कोणाच्याही बारशाला सुचवणार नाही.

अभिमानी_मराठा

वाचून ऊर भरून आला. याचा सरळ अर्थ असा की हे नाव हजारो वर्षांपूर्वीचे आहे आणि चेक लोकांनी ते आपल्याकडूनच नेले. पवित्र या अर्थी चेक लोक 'स्वती' म्हणतात, तोही आपला श्वेतच.

निरुक्त

ऊर भरून येण्यास माझी हरकत नाही, पण निष्कर्ष चुकीचा आहे. दोन चुलत बहिणींचे नाक सारखे असले म्हणून एकीने ते दुसरीकडून उसने नेले असे होत नाही. दोघींनाही ते आजीकडून मिळालेले असते. 'स्वती' हा तर निराळ्याच मुळाचा शब्द आहे. त्याचा भाऊ अवेस्तातील 'स्पेन्त' आहे, जो आपल्याकडे पारशी मंडळींच्या 'स्पेन्त मइन्यु'त ऐकू येतो. दिसायला सारखे ते सगळे सगोत्र, असे धरून चाललो तर क्वेटाही क्व्येताच्याच माहेरचे ठरेल.

चहाबाज

मला या वादात ओढू नये, ही नम्र विनंती.

जुनी_कागदपत्रे

धातू जुने असले तरी नाव नवे असू शकते, हा फरक या धाग्यावर स्पष्ट व्हायला हवा. निरुक्त यांनी शब्दाचा इतिहास दिला, मी नावाचा देतो.

दहाव्या शतकातील बोहेमियाच्या राजघराण्यात लुद्मिला, द्राहोमीरा, म्लादा अशी नावे भेटतात. वनस्पतीशी नाते सांगणारे एक नाव त्यांतही आहे. दोउब्राव्का ही राजकन्या 965 मध्ये पोलंडचा शासक मिएश्को याला दिली आणि पुढच्याच वर्षी त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 'दोउब्राव्हा' म्हणजे ओकच्या झाडांची राई. म्हणजे झाडाझुडपांवरून मुलींची नावे ठेवणे तिकडे नवीन नव्हते. परंतु पुढे कॅथलिक चर्चच्या अमलात बाप्तिस्म्यासाठी संतांची नावे रूढ झाली आणि बार्बोरा, कातेर्झिना, आन्ना, मारिए यांनी नोंदवह्या भरून गेल्या. त्या वह्याही पुष्कळदा लॅटिन किंवा जर्मन भाषेत लिहिलेल्या असत.

हे चित्र एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रीय पुनरुत्थानाच्या चळवळीने बदलले. हाब्सबुर्ग साम्राज्यात शिक्षण आणि कारभार जर्मन भाषेत चालत असताना काही ध्येयवेड्या मंडळींनी चेक भाषा पुन्हा उभी करण्याचे ठरवले, आणि आरंभ स्वतःच्या नावापासून केला. लेखिका बोझेना न्येम्त्सोव्हा यांचे बाप्तिस्म्याचे नाव बार्बोरा होते. पाककृतींचे प्रसिद्ध पुस्तक लिहिणाऱ्या माग्दालेना रेत्तिगोव्हा यांनी मध्ये 'दोब्रोमिला' हे स्लाव्ह नाव लावून घेतले. सर्वांत बोलके उदाहरण प्रेस्ल बंधूंचे आहे. यान आणि कारेल हे दोघे वनस्पतिशास्त्रज्ञ. एकाने 'स्वातोप्लुक' आणि दुसऱ्याने 'बोर्झिवोय' अशी जुन्या राजांची नावे स्वतःला जोडली. 1819 मध्ये त्यांनी बोहेमियातील वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली आणि पुढे यान यांनी वनस्पतींना व रासायनिक मूलद्रव्यांना चेक नावे देण्याचे प्रचंड काम केले. जी पिढी रानातल्या प्रत्येक फुलासाठी चेक शब्द घडवत होती तिच्या हवेत 'फूल' हेच नाव मुलीला शोभावे, यात नवल काय? लॅटिन फ्लोरा आणि फ्लोरेन्तिना यांची जागा क्व्येता आणि क्व्येतोस्लावा यांनी घेतली.

मे महिन्याला चेकमध्ये 'क्व्येतेन' म्हणतात, तोही असाच नवा शब्द आहे. योसेफ युंगमान यांनी 1805 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अनुवादात तो वापरला. त्याआधी लोक 'माय' म्हणत, आणि प्रेमाच्या कवितेत अजूनही तेच म्हणतात.

म्हणून माझ्या मते क्व्येता हे पुराणकाळातले नाव मानण्यापेक्षा स्वभाषेच्या अभिमानातून रुजलेले नाव मानणे अधिक योग्य आहे, आणि त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. रानजाई यांची रूझेनाही त्याच हवेत फोफावली. बोझेना, मिलेना, ब्लाझेना या नावांतील 'एना' हा शेवट गुलाबाला जोडला आणि रोझाली अस्सल चेक झाली.

नंदाकाकू

आम्ही मुलाकडे प्रागला तीन महिने राहून आलो, एवढाच माझा अधिकार. पण हा सगळा प्रकार मला फार ओळखीचा वाटला. माझ्या आईच्या वर्गात चार कुसुम होत्या आणि मास्तर त्यांना आडनावाने हाक मारत. शिरवाडकरांनी 'कुसुमाग्रज' हे नाव घेतले ते त्यांची धाकटी बहीण कुसुम हिच्यामुळे. आज बारशाला कुसुम नाव ठेवा असे सुचवले तर सून माझ्याकडे कशी पाहील, हे मला माहीत आहे. क्व्येतांचे तिथे तेच झाले असणार.

आता माझी फजिती सांगते. मुलाच्या घरमालकीणबाईंचे नाव क्व्येतोस्लावा. 8 डिसेंबरला त्यांच्याकडे जायचे म्हणून मी बाजारातून पिवळी शेवंती आणली, मोजून दहा फुले. दसऱ्यापासून डोळे शेवंतीला आसुसले होते. त्यांनी दार उघडले, फुलांकडे पाहिले, क्षणभर गप्प झाल्या आणि मग फारच गोड हसल्या. त्यांनी फुले फुलदाणीत ठेवली, त्यातले एक काढून वेगळ्या पेल्यात घातले आणि तो पेला खिडकीत नेऊन ठेवला. रात्री मुलाने डोक्याला हात लावला. तिथे शेवंती कबरीवर वाहतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या दिवशी स्मशाने तिने भरलेली असतात. शिवाय सम संख्येची फुले फक्त अंत्यविधीला नेतात, जिवंत माणसाला नेहमी विषम द्यायची. मी एका दमात दोन्ही चुका केल्या होत्या. आपल्याकडे अकरा आणि एकवीस कळते त्या मला दहा कुठून सुचले, कोण जाणे.

रानजाई

नंदाकाकू, त्या बाईंनी एक फूल वेगळे काढून नऊ केले, यातच त्यांचा मोठेपणा दिसतो. तुम्हाला त्या एका शब्दाने काही बोलल्या नाहीत.

डिसेंबरच्या थंडीत 'फुलाची कीर्ती' असे नाव का ठेवले असावे, असे मलाही वाटायचे. मग एका मैत्रिणीकडे 'बार्बोर्का' पाहिली. 4 डिसेंबरला संत बार्बोराच्या दिवशी चेरीची एक वठल्यासारखी काडी तोडून पाण्यात ठेवतात. उबदार खोलीत तिच्या कळ्या फुगतात आणि नाताळपर्यंत पांढरी फुले येतात. फुले वेळेवर आली तर घरातल्या मुलीचे वर्षभरात लग्न होते असा समज आहे. क्व्येतोस्लावाचा दिवस चारच दिवसांनी येतो, तेव्हा त्या काडीवर फक्त तपकिरी टिपके दिसतात. माझ्या मनाने या दोन गोष्टी जोडून टाकल्या आहेत. पुरावा मागू नये.

पुलाजवळचा_हंस

श्वेता, तुम्ही ब्रनोत आहात तर आजींना क्रोम्येर्झीझला घेऊन जा. तिथल्या सतराव्या शतकातील बागेचे नावच 'क्व्येत्ना झाह्रादा', म्हणजे फुलबाग, असे आहे आणि 1998 पासून ती जागतिक वारसायादीत आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारलाही 'क्व्येत्ना' म्हणतात. आजींच्या नावाच्या इतक्या पाट्या एका दिवसात दुसरीकडे दिसणार नाहीत.

व्याकरणवेडा

मूळ प्रश्नातला तारखेचा भाग अजून कोणीच सोडवला नाही, याकडे लक्ष वेधतो. माझे मत असे की ज्या नावाने माणूस स्वतःची ओळख करून देतो त्या नावाचा दिवस धरावा. ओळखपत्र हे कार्यालयांसाठी असते.

श्वेता_ब्रनोकर

सर्वांचे मनापासून आभार. 20 जून होऊन गेला, म्हणून वृत्तान्त देते.

नंदाकाकूंची फजिती वाचून मी फुलवाल्या बाईंसमोर तीन वेळा मोजले. सात पांढरी डेझी नेली. पत्रावर 'पन्यी क्व्येतो' लिहिले. आजींनी पत्र चष्मा लावून वाचले आणि टोपी बरोबर जागी दिली आहे का, ते बोट ठेवून तपासले. त्या निवृत्त शाळाशिक्षिका आहेत, हे मी आधी सांगायला हवे होते.

तारखेबद्दल विचारले तेव्हा कळले की क्व्येतोस्लावा हे त्यांच्या आईचेही नाव होते. आई होती तोवर डिसेंबरचा दिवस आईचा आणि जूनचा लेकीचा, अशी घरात वाटणी होती. आई जाऊन तीस वर्षे झाली तरी त्या 8 डिसेंबरला स्वतःसाठी शुभेच्छा घेत नाहीत. त्या दिवशी थडग्यावर जातात. तेव्हा चहाबाज यांचा दोन्ही दिवशी फुले नेण्याचा सल्ला मी पाळला नाही, हे बरेच झाले.

निरुक्त यांची चुलत बहिणीची गोष्ट मी माझ्या मोडक्यातोडक्या चेकमध्ये सांगितली. 'स्व्येत्लो'पर्यंत त्यांना पटले, भूरिश्रव्यापाशी मी हार मानली. मग त्यांनी विचारले, "तुमचा नामदिन कधी असतो?" मी म्हटले, आमच्याकडे तसे कॅलेंडर नसते आणि तुमच्या कॅलेंडरात माझे नाव नाही. त्या उठल्या, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर आणले आणि 20 जूनच्या चौकोनात छापील 'क्व्येता'च्या खाली पेन्सिलीने माझे नाव लिहिले. 'श' दाखवायला त्यांच्या लिपीत 'स'वर टोपी द्यावी लागते. ती त्यांनी दिली. मग सातांतली तीन डेझी काढून माझ्या हातात दिली आणि उरलेली चार पाहून थबकल्या. एक परत घेतली, पाच मोजली, आणि दोन माझ्याकडे राहिली हे लक्षात येताच कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी बाल्कनीतल्या कुंडीतले एक जिरेनियम तोडून माझी तीन पूर्ण केली.

चहाबाज

सातातून दोघींना विषम फुले येणे गणिताने शक्यच नव्हते. शाळाशिक्षिका होत्या म्हणता, गणिताच्या नसाव्यात.

श्वेता_ब्रनोकर

चित्रकलेच्या होत्या.